कापसाचा निर्यात करार आणि आंतरराष्ट्रीय लवाद : विदर्भातील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभासदांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील काही शेतकरी उत्पादक कंपन्या आता कापूस गोळा करून जिनिंगला घालण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. त्या रुईच्या गाठी बांधून निर्यातदाराला, तर क्वचित थेट परदेशी खरेदीदाराला विकू लागल्या आहेत. अशा व्यवहाराच्या करारात, वाद झाल्यास तो परदेशातील लवादापुढे सोडवला जाईल, असे एक कलम बहुधा असते. भावावर तासन्‌तास चर्चा करणारे संचालक मंडळ हे कलम न वाचता सही करते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे आणि त्याची आम्हाला मनापासून काळजी वाटते. म्हणून सभासद आणि संचालक नेहमी विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष करारावर सही करण्यापूर्वी तो करार या विषयातील वकिलाला दाखवावा.

लवाद म्हणजे नेमके काय? गावातल्या तंटामुक्ती समितीपेक्षा तो वेगळा कसा?

दोन पक्षांनी आपला वाद न्यायालयात न नेता, आपसांत ठरवलेल्या एका किंवा तीन त्रयस्थ व्यक्तींपुढे मांडायचा आणि त्यांनी दिलेला निवाडा बंधनकारक मानायचा, या पद्धतीला लवाद म्हणतात. गावात धुऱ्याचा वाद झाला तर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती दोघांना समोरासमोर बसवते, समजूत घालते आणि समझोता घडवून आणते. एखाद्याला तो मान्य नसेल तर तो उठून जाऊ शकतो. लवादापुढे उठून जाण्याची ही सोय नसते. एकदा करारात लवादाचे कलम मान्य केले की एक पक्ष गैरहजर राहिला तरी सुनावणी होते, निवाडा दिला जातो आणि न्यायालयामार्फत त्याची वसुलीही होऊ शकते.

वाद ‘आंतरराष्ट्रीय’ केव्हा ठरतो?

भारताच्या १९९६ च्या लवाद आणि समेट कायद्यानुसार, व्यापारी स्वरूपाच्या वादातील किमान एक पक्ष परदेशी नागरिक, परदेशात नोंदलेली कंपनी किंवा परदेशी सरकार असेल तर तो आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद ठरतो. माल कोठे पिकला किंवा सही कोठे झाली, यावर ते अवलंबून नसते.

आमच्या कापसाच्या करारात लिव्हरपूलचे नाव कशासाठी?

जगातील कच्च्या कापसाचा मोठा व्यापार ‘इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन’ या संस्थेच्या नियमांनुसार चालतो. ही संस्था इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे आहे आणि तिची सुरुवात तेथील कापूस दलालांनी १८४१ मध्ये केली. करारात या संस्थेचे नियम आणि लवाद लागू राहतील असे लिहिले असेल, तर कराराला इंग्लंडचा कायदा लागू होतो, लवादाचे कायदेशीर स्थान इंग्लंडमध्ये असते आणि सगळे काम इंग्रजीत चालते.

वऱ्हाडाचा आणि लिव्हरपूलचा संबंध जुना आहे, एवढे येथे ओघाने सांगायला हवे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस येईनासा झाला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. अमरावतीच्या नावाने ओळखला जाणारा आणि हिंगणघाटचा कापूस तेथील बाजारात स्वतंत्र प्रकार म्हणून विकला जात असे. कापसाच्या बाजारासाठीच १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे पोहोचली. त्या काळात पिकवणाऱ्याला करारात स्थान नव्हते. आज उत्पादक कंपनीच्या रूपाने शेतकरी स्वतः करारातील पक्ष झाला आहे, आणि त्यामुळे करारातील जबाबदारीही त्याच्याच अंगावर आली आहे.

हे कलम करारात कोठे सापडते?

बहुतेक करार एक-दोन पानांचे असतात. वर खरेदीदार, विक्रेता, गाठींची संख्या, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर (धाग्याच्या बारीकपणाचे माप), कचऱ्याचे प्रमाण, भाव आणि जहाजावर माल चढवण्याची मुदत असते. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, ‘नियम’ आणि ‘लवाद’ अशा शीर्षकांखाली प्रत्येकी एक ओळ असते. त्या एका ओळीने संस्थेची संपूर्ण नियमावली कराराचा भाग बनते. नियमावलीची प्रत सोबत जोडलेली नव्हती, हा बचाव सहसा टिकत नाही. अनेकदा सविस्तर करार नंतर पाठवला जातो आणि आधी केवळ ई-मेलवर ‘मान्य’ असे उत्तर गेलेले असते. लवादाच्या कलमासाठी दोघांच्या सह्यांचा एकच कागद असणे आवश्यक नसते. पत्रव्यवहारातून आणि ई-मेलमधूनही ते सिद्ध होऊ शकते. दलालाने पाठवलेल्या मसुद्याला होकार देण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावा.

आम्ही मुंबईच्या निर्यातदारालाच गाठी विकतो. मग परदेशी लवादाचा आमच्याशी काय संबंध?

निर्यातदाराने परदेशी खरेदीदाराशी ज्या अटी मान्य केलेल्या असतात, त्याच अटी तो पुष्कळदा तुमच्या करारात उतरवतो. दोन्ही पक्ष भारतीय असले तरी त्यांना लवादाचे स्थान परदेशात ठरवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘पासल विंड सोल्युशन्स’ विरुद्ध ‘जीई पॉवर कन्व्हर्जन’ या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून निर्यातदार ओळखीचा आहे, त्याची पेढी मुंबईत आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. देशातल्या देशात माल देताना लवादाचे स्थान नागपूर किंवा मुंबई असावे, असा आग्रह धरणे पूर्णपणे रास्त आहे.

करार झाल्यावर भाव वाढले आणि सभासदांनी कापूस बाहेर विकला, तर काय होते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव मार्च २०११ मध्ये पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरपर्यंत निम्म्यावर आला. चढत्या भावात विक्रेत्यांनी आणि उतरत्या भावात खरेदीदारांनी हात वर केले. लवादापुढे वादांची रीघ लागली.

लिव्हरपूलच्या नियमांचे एक वैशिष्ट्य येथे समजून घेणे आवश्यक आहे. कोणत्याही कारणाने करार पूर्ण झाला नाही, तरी तो रद्द झाला असे मानले जात नाही. करार ज्या दिवशी बंद करायला, म्हणजे हिशेब करून मिटवायला, हवा होता त्या दिवसाचा बाजारभाव ठरवून, करारातील भाव आणि तो बाजारभाव यांतील फरकाचा हिशेब केला जातो. समजा, एखाद्या कंपनीने १०० टन रुई पौंडाला ९० सेंट दराने विकण्याचा करार केला. १०० टन म्हणजे १७० किलोच्या साधारण ५८८ गाठी होतात, आणि पौंडांत मोजल्या तर सुमारे २,२०,४६२ पौंड. करार बंद करण्याच्या दिवशी भाव १०० सेंट असेल, तर पौंडामागे १० सेंटप्रमाणे २२,०४६ डॉलरचा फरक कंपनीच्या नावे निघतो. त्यावर व्याज आणि लवादाचा खर्च वेगळा. एकही गाठ गावाबाहेर गेलेली नसते, तरीही हे देणे उभे राहते.

‘पीक बुडाले’, ‘बोंडअळी आली’, ‘सभासदांनी कापूस घातला नाही’ ही कारणे आपल्याला कितीही खरी वाटली, तरी करारात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर त्यांचा उपयोग फार थोडा होतो. लवादापुढे साधा प्रश्न विचारला जातो, की करारात अमुक गावचा किंवा अमुक हंगामाचा कापूस असे म्हटले होते का. तसे म्हटलेले नसेल, तर विक्रेत्याने बाजारातून घेऊन माल द्यायला हवा होता, असेच धरले जाते. त्यामुळे सभासदांकडून लेखी हमी आणि काही प्रमाणात प्रत्यक्ष कापूस हाती येण्यापूर्वी मोठ्या मुदतीचा विक्री करार करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

सरकारनेच निर्यातबंदी केली तर आमची सुटका होते का?

आपोआप होत नाही. केंद्र सरकारने ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात अचानक थांबवली होती, आणि मे २०२२ मध्ये गव्हाच्या बाबतीत तसेच घडले. अशा बंदीचा धोका कोणी सोसायचा, हे करारातील शब्दांवर ठरते. ‘निर्यातबंदी झाल्यास उर्वरित करार कोणत्याही देण्याघेण्याशिवाय संपुष्टात येईल’ असे स्पष्ट वाक्य विक्रेत्याने मागून घ्यावे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा २०२० मधील ‘नाफेड’ (शेतमालाची विक्री करणारा राष्ट्रीय सहकारी महासंघ) विरुद्ध ‘अलिमेंटा’ (परदेशी खरेदीदार) हा निकाल नेहमी सांगितला जातो. १९८० च्या सुमारास शेंगदाण्याच्या निर्यातीस सरकारने परवानगी दिली नव्हती. तरीही परदेशी लवादाने नाफेडविरुद्ध निवाडा दिला होता. सरकारच्या परवानगीशिवाय निर्यात करणे कायद्याविरुद्ध झाले असते, म्हणून तो निवाडा भारतात लागू करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र हा निकाल येण्यासाठी चार दशके लागली, आणि त्यावर कायदेतज्ज्ञांनी बरीच टीकाही केली आहे. त्याच्या भरवशावर बेसावध राहणे कोणत्याही छोट्या कंपनीला परवडणारे नाही.

गाठी पोहोचल्यावर ‘माल नमुन्याप्रमाणे नाही’ असे खरेदीदाराने कळवले, तर आमच्या हाती काय असते?

जे पुरावे गाठ बांधतानाच जपून ठेवले असतील, तेवढेच हाती असतात. प्रत्येक गाठीचा पी. आर. क्रमांक (गाठ बांधताना प्रेसवर दिलेला अनुक्रमांक), लॉटनिहाय यादी, गाठीच्या दोन्ही बाजूंनी काढलेला रुईचा नमुना, तो कागदात गुंडाळून त्यावर लिहिलेला गाठीचा क्रमांक आणि तारीख, प्रयोगशाळेचा अहवाल आणि वजनकाट्याची पावती या सर्व गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एका लॉटचा अहवाल आणि दुसऱ्याच लॉटच्या गाठी अशी सरमिसळ झाली की चांगल्या मालाचीही बाजू लंगडी पडते. शेवटच्या वेचणीचा कवडीयुक्त कापूस आधीच्या लॉटमध्ये मिसळण्याचा मोह जिनिंगच्या आवारात नेहमीच होतो. रंगातला फरक नमुन्यात लगेच दिसतो आणि मग संपूर्ण लॉटवर सूट मागितली जाते.

गुणवत्तेच्या वादासाठी लिव्हरपूलच्या संस्थेची वेगळी लवाद पद्धत आहे. तीत जाणकार नमुने हाताळून किंवा यंत्रावरील चाचणीवरून निर्णय देतात. तक्रार करण्याची मुदत खरेदीदारालाही पाळावी लागते. त्यामुळे त्याचे पत्र आल्यावर आधी तारीख पाहावी.

परदेशातून ई-मेलवर लवादाची नोटीस आली आहे. उत्तर दिले नाही तर प्रकरण आपोआप मिटेल का?

मिटणार नाही, उलट बिघडेल. करारात दिलेल्या ई-मेल पत्त्यावर आलेली नोटीस मिळाली असेच सर्वसाधारणपणे मानले जाते. अनेक कंपन्यांमध्ये हा पत्ता एखाद्या माजी व्यवस्थापकाच्या मोबाइलवर उघडलेला असतो आणि तो नोकरी सोडून गेलेला असतो. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे, करारात दिलेली ई-मेल पेटी किमान दोन जबाबदार व्यक्तींनी दररोज उघडून पाहिली पाहिजे.

सामान्यतः प्रत्येक पक्ष आपला एक लवाद (म्हणजे निवाडा देणारी त्रयस्थ व्यक्ती) नेमतो आणि तिसरा, म्हणजे अध्यक्ष, संस्थेकडून नेमला जातो. दिलेल्या मुदतीत तुम्ही नाव दिले नाही, तर तुमच्या वतीने संस्थाच नाव ठरवते. त्यानंतर खरेदीदाराचे म्हणणे, तुमचे उत्तर, त्यावर त्याचे प्रत्युत्तर अशी लेखी देवाणघेवाण होते. बहुतेक प्रकरणे कागदपत्रांवरच निकाली निघतात, त्यामुळे इंग्लंडला जाण्याची वेळ सहसा येत नाही. हीच गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि खर्चाच्या धास्तीने ते नोटिशीकडे पाठ फिरवतात. तुमचे उत्तर नसेल तर लवादासमोर केवळ एकाच बाजूचे कागद राहतात. खरेदीदाराने बँकेची पतपत्रे (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) वेळेवर उघडली नाहीत, जहाजाची मुदत त्यानेच पुढे ढकलली, भाव त्याने फोनवर बदलून मागितला, या गोष्टी तुम्ही सांगितल्याशिवाय कोणालाच कळणार नाहीत.

उत्तर लिहिण्यासाठी आधी सर्व ई-मेल, व्हॉट्सॲपवरील संदेश, वजनपावत्या आणि बँकेचा पत्रव्यवहार तारखेनुसार लावून घ्यावा, आणि मगच वकिलाकडे जावे. तयारी नीट असेल तर वकिलाचे शुल्कही कमी लागते. मराठीतील कागदांचा इंग्रजी अनुवाद करून द्यावा लागतो, त्यासाठी वेळ राखून ठेवावा. तेवढ्यात मुदत संपत असेल तर लेखी मुदतवाढ मागावी.

निवाडा मान्य नसेल तर संस्थेच्या अपील समितीकडे जाता येते, पण तीही मुदत काटेकोरपणे पाळली जाते. निवाड्याची रक्कम न देणाऱ्या कंपन्यांची नावे संस्था आपल्या यादीत प्रसिद्ध करते, आणि सदस्यांना त्या कंपन्यांशी व्यापार करण्यास मनाई असते. नव्याने निर्यातीत उतरणाऱ्या कंपनीसाठी हे नुकसान कित्येकदा पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठे असते.

आपण आपल्या जिल्हा न्यायालयात दावा लावून परदेशातील लवाद थांबवू शकतो का?

सहसा नाही. करारात वैध लवाद कलम असेल आणि समोरच्या पक्षाने तसा अर्ज केला, तर १९९६ च्या कायद्याच्या कलम ४५ नुसार न्यायालय पक्षांना लवादाकडेच पाठवते. ‘संपूर्ण करारच बेकायदा आहे’ असे म्हटल्यानेही लवादाचे कलम आपोआप पडत नाही, कारण कायदा त्या कलमाला स्वतंत्र करार मानतो. मात्र माल किंवा पैसा हातातून निसटू नये, यासाठी २०१५ च्या दुरुस्तीनंतर परदेशी लवादाच्या बाबतीतही भारतातील उच्च न्यायालयाकडून तात्पुरते आदेश मागता येतात.

इंग्लंडमध्ये दिलेला निवाडा विदर्भातल्या कंपनीवर कसा काय लागू होतो?

परदेशी लवादांचे निवाडे आपापल्या देशात लागू करण्याविषयी देशांनी केलेल्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे. भारताने तो १९६० मध्ये मंजूर केला आणि आज १७० हून अधिक देश त्यात सहभागी आहेत. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या देशांतील निवाडे भारतात लागू होतात. ब्रिटन आणि सिंगापूर हे देश त्यांत आहेत. खरेदीदार निवाड्याच्या प्रतीसह उच्च न्यायालयात अर्ज करतो, आणि न्यायालयाने तो मान्य केला की निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते. अशा अर्जाला तीन वर्षांची मुदत लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वेदांताच्या प्रकरणात ठरवले आहे.

निवाडा नाकारण्याची कारणे कलम ४८ मध्ये मोजकीच आहेत. योग्य नोटीस मिळाली नव्हती, बाजू मांडण्याची संधीच दिली गेली नाही, लवाद कराराप्रमाणे नेमला नव्हता, निवाडा कराराच्या कक्षेबाहेर गेला, किंवा त्याची अंमलबजावणी भारताच्या लोकनीतीविरुद्ध ठरेल, अशी ती कारणे आहेत. ‘लवादाने पुरावा चुकीचा समजून घेतला’ हे त्यांत बसत नाही. २०१३ मधील ‘श्री लाल महल’ विरुद्ध ‘प्रोजेत्तो ग्रानो’ या खटल्यात भारतीय विक्रेत्याने पाठवलेला गहू कराराप्रमाणे नव्हता, असा निवाडा लंडनच्या धान्य व्यापार संस्थेच्या लवादाने दिला होता. विक्रेत्याकडे तपासणी संस्थेचे प्रमाणपत्र होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने गुणवत्तेचा प्रश्न पुन्हा उकरण्यास नकार दिला आणि निवाडा कायम ठेवला. जे सांगायचे ते लवादापुढेच सांगितले पाहिजे, हे या खटल्यातून पुरेसे स्पष्ट होते.

निवाडा विरुद्ध गेला तर आमच्या सातबाऱ्यावर बोजा चढेल का?

निवाडा कंपनीविरुद्ध असतो. उत्पादक कंपनीतील सभासदाची जबाबदारी त्याच्या भागाच्या न भरलेल्या रकमेपुरती मर्यादित असते. त्याचे वावर, बैलजोडी किंवा घर यांवर त्या निवाड्याने हात घालता येत नाही. कंपनीचे गोदाम, यंत्रे, साठा आणि बँकेतील शिल्लक मात्र वसुलीच्या टप्प्यात येऊ शकते, आणि त्यात सभासदांचे थकलेले चुकारे अडकण्याची भीती खरी आहे. ज्या संचालकाने स्वतःची वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, त्याची गोष्ट वेगळी. अशी हमी देण्याआधी घरच्यांशी बोलावे.

रक्कम डॉलरमध्ये असेल तर कोणत्या दिवसाचा दर धरतात?

परदेशी निवाड्याविरुद्धचे आक्षेप अंतिमतः फेटाळले जाऊन तो ज्या दिवशी वसुलीयोग्य ठरतो, त्या दिवसाचा दर साधारणपणे धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. रुपया घसरत असताना वेळकाढूपणा केल्यास देणे वाढते.

सोयाबीनच्या पेंडीलाही हेच नियम आहेत का?

तत्त्व तेच, संस्था वेगळ्या. धान्य, कडधान्ये आणि पेंड यांच्या करारात बहुधा ‘गाफ्टा’चे, तर तेलबिया आणि खाद्यतेल यांच्या करारात ‘फोस्फा’चे नाव असते. दोन्ही संस्था लंडनच्या आहेत.

बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवले. वरुड-मोर्शीच्या बागायतदारांना त्याविरुद्ध लवादाकडे जाता येईल का?

नाही. आयात शुल्क हा त्या देशाच्या सरकारचा निर्णय असतो आणि त्याविषयीचा प्रश्न दोन सरकारांनीच आपसांत किंवा जागतिक व्यापार संघटनेत मांडायचा असतो. बागायतदारांनी त्यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत केंद्र सरकारकडेच पाठपुरावा केला पाहिजे. व्यापाऱ्याशी लेखी करार करताना एवढे मात्र करता येते, की शुल्क वाढल्यास तो भार कोणी सोसायचा हे आधीच लिहून घ्यावे. येथील अडत्याने किंवा व्यापाऱ्याने पैसे बुडवले असतील, तर प्रथम बाजार समितीकडे तक्रार करावी.

लवादाचे स्थान बदलून मागितले तर खरेदीदार सौदा मोडणार नाही का?

कापसाच्या मोठ्या खरेदीदारांना लिव्हरपूलची सवय आहे आणि ते सहजासहजी मान्य करणार नाहीत, हे खरे आहे. पण विचारण्याने सौदा मोडत नाही. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र कार्यरत आहे, आणि मुंबईत दिलेला निवाडाही न्यूयॉर्क करारामुळे इतर सदस्य देशांत लागू करता येतो. सिंगापूरचे केंद्र १९९१ पासून चालते आणि दोन्ही पक्षांना ते पुष्कळदा मान्य होते. खरेदीदार अजिबात ऐकत नसेल, तर कमी रकमेच्या वादासाठी तीनऐवजी एकच लवाद, आणि लवादाआधी ठरावीक दिवस समोरासमोर वाटाघाटी, एवढे तरी पदरात पाडून घ्यावे.

खरेदीदारानेच पैसे बुडवले तर आम्ही परदेशात दावा करू शकतो का?

अवश्य. लवादाचे कलम दोघांनाही सारखेच बांधते, आणि संस्थेचे सदस्य नसलेल्या विक्रेत्यालाही दावा दाखल करता येतो. सदस्य नसलेल्याकडून सुरुवातीला अनामत मात्र मागितली जाऊ शकते. दावा करण्यापूर्वी खरेदीदाराची मालमत्ता कोणत्या देशात आहे, तो देश न्यूयॉर्क करारात आहे का, आणि तेथे वसुलीला साधारण किती खर्च येईल, याची चौकशी करावी. येणे रक्कम लहान आणि खर्च मोठा असेल तर तडजोड करणे शहाणपणाचे ठरते. पहिल्याच व्यवहारात उधारीवर माल न देता, चांगल्या बँकेच्या न बदलता येणाऱ्या पतपत्रावर तो द्यावा आणि त्या पतपत्रातील प्रत्येक अट आपल्या कागदांशी जुळते की नाही, हे माल जहाजावर चढण्यापूर्वी बँकेत बसून तपासून घ्यावे.